तागडीच्या दांडीला बोट कोणाचें?

पांचामुखीं परमेश्वर, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. परंतु त्या पांचांच्या दाराबाहेर जमाव उभा असला, किंवा वाड्यावरून निरोप आला असला, तर त्यांच्या मुखीं परमेश्वर बोलतो कीं भीति बोलते, हें म्हण सांगत नाहीं. अमेरिकेंत हा प्रश्न आजही जिवंत आहे. तेथें गंभीर फौजदारी खटल्यांत आरोपी दोषी कीं निर्दोष, हें सामान्य लोकांतून निवडलेले बहुधा बारा पंच ठरवितात. त्यांस ज्यूरी म्हणतात. आरोपीच्या पिंजऱ्यांत खुद्द पोलीस उभा राहिला म्हणजे या बारा जणांवर चोहोंकडून दाब येतो. कृष्णवर्णी लोकांची गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अर्पण केलें. तेव्हां तेथील दुबळ्यास न्याय कसा मिळतो, हें पाहणें आपल्या शेतकरी व कारागीर बांधवांस परकें वाटूं नये.

२५ मे २०२० रोजीं मिनिआपोलिस शहरांत वीस डॉलरची खोटी नोट चालविल्याच्या संशयावरून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णी माणसास पोलिसांनीं पकडलें. डेरेक शॉव्हिन या पोलिसानें त्यास पालथें पाडून मानेवर गुडघा दाबला. सरकारी वकिलांनीं कोर्टांत मोजून दाखविलेला वेळ ९ मिनिटें २९ सेकंद होता. फ्लॉइड मेला. पोलिसांच्या पहिल्या पत्रकांत गुडघ्याचें नांवही नव्हतें; माणसाची प्रकृति बिघडली व तो वारला, असाच त्याचा मतलब होता. रस्त्यांतील एका सतरा वर्षांच्या मुलीनें तो प्रकार फोनवर टिपला नसता व लोक हजारोंनीं रस्त्यावर आले नसते, तर हा खटला उभा राहिला असता असें आम्हांस वाटत नाहीं. म्हणून लोकांच्या ओरडीस नाकें मुरडणाऱ्यांस आम्ही आधींच सांगतों कीं, दुबळ्याची फिर्याद कोर्टाच्या दारापर्यंत नेण्यास ओरडण्यावांचून दुसरें साधन पुष्कळदां नसतें.

परंतु फिर्याद दाराच्या आंत गेल्यावर काय व्हावें? मार्च २०२१ मध्यें ज्यूरीची निवड चालू असतांनाच शहरानें फ्लॉइडच्या कुटुंबास २ कोटी ७० लाख डॉलर देण्याचें जाहीर केलें. न्यायाधीश पीटर केहिल यांनीं आधीं निवडलेल्या पंचांस पुन्हा बोलावून विचारलें, तेव्हां त्यांतील दोघांस सोडून द्यावें लागलें. भरपाई योग्यच होती. वेळ मात्र चुकीची होती. कोर्टाभोंवतीं कुंपण, काटेरी तारा व शिपायांचा पहारा होता. पोलिसाच्या बाजूनें साक्ष देणाऱ्या एका तज्ज्ञाच्या पूर्वीच्या घरावर रक्त फासून डुकराचें मुंडकें टाकण्यांत आलें. तेथें तो राहतही नव्हता. १७ एप्रिल २०२१ रोजीं काँग्रेसच्या सभासद मॅक्सिन वॉटर्स यांनीं, दोषी असा निकाल न आल्यास लोकांनीं रस्त्यावर राहून अधिक नेटानें सामना द्यावा, असें सांगितलें. न्यायाधीशांनीं भर कोर्टांत बोलून दाखविलें कीं, अशा बोलण्यानें अपिलांत सारा खटला उलटविण्यास आधार मिळूं शकेल.

२० एप्रिल रोजीं ज्यूरीनें शॉव्हिनला तिन्ही आरोपांखालीं दोषी ठरविलें. पुढें साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. आमच्या मतें निकाल योग्य होता. चित्रफीत होती, डॉक्टर होते, आणि खुद्द पोलीसप्रमुखानें त्याच्याविरुद्ध साक्ष दिली होती. डिसेंबर २०२१ मध्यें केंद्राच्या वेगळ्या खटल्यांत शॉव्हिननें स्वतःच गुन्हा कबूल केला, आणि २०२३ सालीं राज्याच्या अपील कोर्टानेंही पहिला निकाल कायम केला. मग एवढा सबळ पुरावा असतां पुढाऱ्याच्या त्या भाषणानें कोणाचें काम साधलें? मेलेल्याचें नव्हे, आरोपीच्या वकिलाचें! ज्वारी चोख व मापाला पुरी असतांना आपणच तागडीच्या दांडीला बोट लावलें, तर अडत्या खुशाल म्हणेल कीं माप खोटें आहे. तसाच हा प्रकार झाला.

आतां दुसरी बाजू. जमावाचा दाब डोळ्यांस दिसतो. गणवेशाचा, वर्णाचा व शेजाराचा दाब दिसत नाहीं. १९९१ सालीं लॉस एंजेलिस येथें रॉडनी किंग या कृष्णवर्णी माणसास पोलिसांनीं बेदम मारलें, त्याचीही चित्रफीत होती. गाजावाजा फार झाला म्हणून खटला सिमी व्हॅली या बहुतेक गोऱ्या वस्तीच्या गांवीं नेला. ज्यूरींत एकही कृष्णवर्णी माणूस नव्हता. २९ एप्रिल १९९२ रोजीं, एका पोलिसावरील एका आरोपाबाबत एकमत झालें नाहीं, तेवढें सोडून चौघेही पोलीस सुटले. मग दंगे उसळून पन्नासांहून अधिक माणसें मेलीं. १९९३ सालीं केंद्राच्या खटल्यांत दोघे दोषी ठरले, दोघे सुटले. पण त्या वेळीं पुन्हा दंगा होईल ही धास्ती शहरावर होतीच. पहिल्या ज्यूरीबाहेर कोणी ओरडत नव्हतें, म्हणून ती निर्भेळ होती असें कोण म्हणेल? पंच निवडतांनाच तागडी कलंडली होती. आपल्या देशांतही १८८४ च्या कायद्यानें गोऱ्या आरोपीस निदान निम्मे पंच गोरेच मागण्याची सोय करून दिली होती. तो दाब कोणास दाब वाटला नाहीं, कारण तो वरून होता!

आपल्याकडे मुंबईस १९५९ सालीं नौदलाचे अधिकारी नाणावटी यांचा खुनाचा खटला चालला. एका साप्ताहिकानें त्यांची बाजू उचलून धरली, कोर्टाबाहेर गर्दी लोटली, व ज्यूरीनें आठ विरुद्ध एक मतानें त्यांस निर्दोष म्हटलें. हायकोर्टानें तें फिरवून जन्मठेप दिली व सुप्रीम कोर्टानें १९६१ सालीं ती कायम केली. ज्यूरी बंद करावी अशी कायदा आयोगाची शिफारस १९५८ सालचीच होती. १९७३ च्या फौजदारी संहितेंत तिला जागा उरली नाहीं.

ज्यूरी गेली, पण दाब गेला नाहीं. तो आतां साक्षीदारावर व पंचनाम्याच्या पंचावर पडतो. आणि हे बहुधा आपल्यांतलेच मजूर, सुतार, कुणबी असतात. म्हणून बांधवहो, कोठडींत माणूस मेला तर गप्प बसूं नका. चौकशी मागा, मोर्चा काढा, खटला उभा करावयास लावा. न्यायासनावर सर्व थरांतील माणसें बसावींत हेंही मागा. खटला सुरू झाला म्हणजे साक्षीदाराच्या पाठीशीं उभे राहा, त्याच्या छातीवर नव्हे. आणि निकाल आधींच सांगणाऱ्या पुढाऱ्यास, तो आपला असला तरी, गप्प करा. आज पिंजऱ्यांत पोलीस आहे म्हणून आपण तागडी दाबली, तर उद्यां तेथें आपला पोरगा उभा असेल, आणि दांडीवर बोट दुसऱ्या कोणाचें असेल.