डोपामिनच्या नावानं चांगभलं!

सध्या कॉलेजच्या कट्ट्यावर कुणालाच कंटाळा येत नाही. 'डोपामिन लो' असतं. ब्रेकअप झालं की 'कॉर्टिसोल हाय'. आई ओरडली की 'तिचा अमिग्डाला ट्रिगर झाला'. पूर्वी साडेसाती असायची, आता न्यूरोट्रान्समीटर आहेत! आणि गंमत म्हणजे हीच भाषा बोलणारे कितीतरी जण एफवायला सायकॉलॉजी घेतात आणि 'वर्तनाचा जैविक पाया' हा चॅप्टर आला की कपाळाला हात लावतात. बायो सुटावं म्हणून तर आर्ट्सला आलो ना! मग न्यूरॉनची आकृती घोकायची, लोबची नावं पाठ करायची, नाहीतर अख्खं प्रकरण ऑप्शनला टाकायचं.

टाकायचंच तर दुसरं काहीही टाका. हे नको.

डोपामिनचंच घ्या. रीलवाले त्याला 'आनंदाचं रसायन' म्हणतात. पार्किन्सन्सच्या आजारात डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. त्या पेशंटचा हात थरथरतो, पाऊल उचलत नाही, हालचाल मंदावते. म्हणजे साधं चालायलाही डोपामिन लागतं. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं माकडांवर केलेले प्रयोग तर भारीच आहेत. माकडाला अचानक ज्यूस मिळाला की त्याच्या डोपामिन पेशी जोरात कामाला लागायच्या. मग ज्यूसच्या आधी एक खूण द्यायला सुरुवात झाली. सवय झाल्यावर पेशी त्या खुणेलाच दाद देऊ लागल्या, ज्यूस आला तरी ढिम्म. आणि खूण होऊनही ज्यूस आलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्या थंडावायच्या. 'मजा आली' एवढंच त्या सांगत नव्हत्या. काय मिळेल असं वाटलं होतं आणि काय मिळालं, यातला फरक त्या मोजत होत्या. आता 'डोपामिन डिटॉक्स'. दिवसभर फोन बंद ठेवायचा तर जरूर ठेवा, चांगलंच आहे. पण त्यानं मेंदूतलं डोपामिन 'साफ' होत नाही. ते काय पोट आहे, एरंडेल घ्यायला?

कट्ट्यावर हे चालून जातं. हीच अर्धवट भाषा कोर्टात पोचली तर?

पोचली होती. तीही पुण्यात. २००८ च्या जून महिन्यात पुण्याच्या सत्र न्यायालयानं खुनाच्या खटल्यात एका तरुणीला जन्मठेप दिली. पुराव्यांमध्ये 'बीईओएस' नावाची मेंदूची चाचणी होती. डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, डोळे मिटून बसवायचं आणि गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवायची. 'मी विष विकत घेतलं' अशा धर्तीची. मग ईईजीच्या लहरींवरून सॉफ्टवेअर सांगणार, की ही गोष्ट तिला नुसती माहीत आहे की तिनं ती स्वतः केली आहे. खटल्यात इतरही पुरावे होते, पण निकालात या चाचणीला चांगलंच वजन मिळालं. परदेशातले न्यूरोसायंटिस्टही हे ऐकून चक्रावले. पुढे उच्च न्यायालयानं तिला जामीन दिला. २०१० मध्ये 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या अशा चाचण्या कुणावरही सक्तीनं करता येणार नाहीत.

ईईजी म्हणजे काय, हे एफवायच्याच पुस्तकात असतं. कवटीवरून असंख्य पेशींची एकत्रित विद्युत हालचाल टिपायची. चाळीच्या गच्चीवर उभं राहून खालच्या सगळ्या खोल्यांचा आवाज ऐकावा, तसं. झोप आहे की जाग, फिट येतेय का, हे त्यातून कळतं, आणि ते फार उपयोगाचं आहे. पण तिसऱ्या खोलीतली बाई नेमकं काय म्हणाली, हे कसं कळणार? त्यात आरोपीला तेच प्रश्न चौकशीत पुन्हापुन्हा विचारलेले असतात. ऐकलेलं, मनात रंगवलेलं आणि प्रत्यक्ष घडलेलं यांची आठवणीत सरमिसळ होते, हेही त्याच पुस्तकात, स्मरणशक्तीच्या प्रकरणात. ही दोन प्रकरणं एकमेकांना जोडून वाचलेला विद्यार्थी त्या सॉफ्टवेअरला दोन प्रश्न नक्की विचारेल.

कोर्टकचेरी लांबची वाटत असेल, तर घरातलं बघा. दहावीनंतर तुमच्यातल्या किती जणांची 'डीएमआयटी' झाली? बोटांचे ठसे घ्यायचे, काही हजार रुपये घ्यायचे आणि मुलगा उजव्या मेंदूचा की डाव्या, सायन्स घ्यावं की कॉमर्स, याचा रंगीत रिपोर्ट हातात द्यायचा. बोटांवरच्या रेषा आणि मेंदू दोन्ही गर्भात घडतात, एवढं खरं. पण त्यावरून रेषा बघून बुद्धी सांगता येते याला शास्त्रीय आधार नाही. हस्तरेषावाला निदान मेंदूचं नाव तरी घेत नाही! अशा एका रिपोर्टवर एखाद्या मुलीचं सायन्स सुटतं. तेव्हा घरात एखाद्यानं तरी हा चॅप्टर धड वाचलेला असावा, असं मला फार वाटतं.

दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाही. नोट्समध्ये फिनिआस गेज असतोच. १८४८ मध्ये लोखंडी सळई त्याच्या डोक्यातून आरपार गेली, तो वाचला, पण स्वभाव बिघडला आणि आयुष्यातून उठला. पुढचं कुणी सांगत नाही. तो नंतर चिलीला गेला आणि तिथं कित्येक वर्षं घोडागाड्या हाकत होता. सहा-सहा घोडे सांभाळायचे, प्रवासी सांभाळायचे, रस्ता लक्षात ठेवायचा. 'मेंदूला इजा, माणूस संपला' एवढंच शिकवलं, तर मेंदू म्हणजे पत्रिकाच झाली. सरावानं, अनुभवानं, रोजच्या कामानं मेंदूही बदलतो, ही त्या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. ती मात्र शेवटच्या पानावर असते आणि तोवर सेमिस्टर संपलेलं असतं.

प्राध्यापक मंडळींना एक विनंती. 'न्यूरॉनची सुबक आकृती काढून भागांना नावे द्या' हा प्रश्न एखाद्या वर्षी राहू द्या. त्याऐवजी डीएमआयटीची एखादी जाहिरात प्रश्नपत्रिकेत छापा आणि खाली विचारा: यातलं खरं काय, खोटं काय, आणि कशावरून? दहा मार्क. ऑप्शन नाही.