दुष्परिणामांचा हिशेब कोणी द्यायचा?

कोविशील्ड बरी की कोव्हॅक्सिन, हा वाद नागपुरात 2021 साली गल्लोगल्ली रंगला आणि 2024 मध्ये पुन्हा उकरून काढला गेला. वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांना निवडीचा अधिकार मुळात मिळालाच नव्हता. 16 जानेवारी 2021 रोजी लसीकरण सुरू झाले तेव्हा मेडिकलमध्ये कोव्हॅक्सिन आणि शहरातील इतर केंद्रांवर कोविशील्ड, अशी वाटणी सरकारनेच करून टाकली. परिचारिका आणि सफाई कामगार ज्या केंद्राशी बांधलेले, तीच लस त्यांच्या दंडात गेली. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष तेव्हा हाती नव्हते. म्हणून संमतिपत्रावर सही घ्यावी आणि लसीमुळे गंभीर इजा झाल्याचे सिद्ध झाल्यास कंपनीने भरपाई द्यावी, असे ठरले. कोविशील्ड घेणाऱ्याला असे कोणतेही आश्वासन नव्हते. एकाच शहरात, एकाच दिवशी, दोन प्रकारचे हक्क! मार्च 2021 मध्ये कोव्हॅक्सिनसाठीची ही अटही गेली.

आता तुलनेकडे वळू जाता काय दिसते? 17 मे 2021 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की, तपासलेल्या 498 गंभीर घटनांपैकी 26 घटनांत कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्या झाल्याचा संभव आहे. प्रमाण दहा लाख मात्रांमागे 0.61. कोव्हॅक्सिननंतर अशी एकही नोंद नाही. हे शून्य मिरवणाऱ्यांनी जरा गणित करावे. 3 एप्रिल 2021 पर्यंतच्या सुमारे 7 कोटी 54 लाख मात्रांपैकी कोव्हॅक्सिनच्या 68 लाखही नव्हत्या. त्याच प्रमाणाने पाहता तिच्या वाट्याला जेमतेम चार घटना आल्या असत्या. निष्क्रिय विषाणूच्या लसीत हा धोका नसावा, असे मानण्यास शास्त्रीय आधार आहे. पण तो त्या शून्यात नाही.

त्याच निवेदनात ब्रिटनचे प्रमाण 4 आणि जर्मनीचे 10 दिले होते. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना धोका कमी, असे स्पष्टीकरणही तत्परतेने जोडले गेले. असेलही. पण रुग्णाची प्लेटलेट तपासणीच झाली नाही, तर त्याचा मृत्यू साध्या पक्षाघाताच्या रकान्यात जातो. जेथे रुग्णाला खाट मिळत नव्हती, तेथे ही तपासणी कोण करणार होते?

2024 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातील संशोधकांनी कोव्हॅक्सिनच्या दुष्परिणामांवर निबंध प्रसिद्ध केला. लस न घेतलेल्यांशी त्यात तुलनाच नव्हती. हा आक्षेप रास्त होता. पण सदोष अभ्यासाला उत्तर अधिक चांगल्या अभ्यासाने द्यायचे असते. कंपनीने अब्रुनुकसानीचा दावा लावला, आणि सप्टेंबर 2024 मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. आता दुसरा कोण धजावेल?

लसींनी असंख्य जीव वाचवले, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. म्हणूनच, सर्वांच्या संरक्षणासाठी ज्या थोड्यांनी किंमत मोजली, त्यांचे ऋण समाजावर आहे. ब्रिटनने 1979 साली त्यासाठी कायदा केला. कोविडची लस त्यात आली आणि पात्र ठरणाऱ्यास 1,20,000 पौंड मिळतात. भारत सरकारने मात्र नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले की, भरपाईची जबाबदारी सरकारची नाही. पीडितांनी दिवाणी न्यायालयात जावे. हिंगण्याच्या कारखान्यात रोजंदारीवर राबणाऱ्याच्या विधवेने कोणत्या वकिलाला, कोणत्या पैशाने उभे करायचे?