गंज दिसला की तेल

गेली कित्येक वर्षे मी या पानावर गळक्या नळापासून करकरणाऱ्या दारापर्यंत घरातल्या बारीकसारीक दुरुस्त्यांविषयी लिहीत आलो आहे. वाचकांची पत्रे येतात. त्यांतली निम्मी माझी पाठ थोपटणारी असतात आणि उरलेली "तुम्ही सांगितलेत तसे केले, आता पाणी खालच्या मजल्यावर उतरते आहे" या थाटाची. यंदा मी चिखलात हिंडणाऱ्या मोटारसायकलची निगा हा विषय घेतला आहे. यात पत्र पाठवायला पहिला मान माझाच आहे. कसा ते पुढे येईलच.

आमच्या चिरंजीवांनी तीन वर्षांपूर्वी हिरोची एक्स्पल्स घेतली. 2019 साली ही जात बाजारात आली. इंजिन 200 सीसीचे, चाके तारांची, पुढचे 21 इंची आणि मागचे 18 इंची, पोट जमिनीपासून 220 मिलिमीटर उंच. पेढे वाटायला खाली आलेल्या आमच्या सौ.नी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारले, "अरे, हिला उंटाचे पाय कशाला?" कशाला ते पहिल्या पावसाळ्यात कळले. रविवारी पहाटे पाचला स्वारी डोंबिवलीहून निघे, कल्याणवरून मुरबाडचा रस्ता धरी आणि माळशेजच्या पायथ्याकडच्या कच्च्या वाटांवर दिवस घालवून दिवेलागणीला परत येई. येताना मुरबाड तालुक्यातली थोडीथोडी शेतजमीन आमच्या सोसायटीत आणून टाकी. (ठाण्याजवळचे येऊर जवळ पडते, पण ते राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे गाडी घालायची नाही हा नियम चिरंजीव स्वतःहून पाळतात, हे बापाने अभिमानाने नोंदवायला हरकत नसावी.)

त्यांच्या खोलीत भिंतीवर सी. एस. संतोष यांचे चित्र आहे. डकार नावाच्या अचाट शर्यतीत 2015 साली शेवटपर्यंत पोचणारे ते पहिले भारतीय. डकार म्हणजे हिंदीतला ढेकर एवढेच तोवर मला ठाऊक होते.

आता धुण्याकडे वळतो. भाताच्या खाचरातला चिखल ओला आहे तोवर लोण्यासारखा निघतो आणि एकदा का वाळला की सिमेंटशी नाते सांगतो. म्हणून कितीही दमलेले असा, त्याच संध्याकाळी गाडीवर दोन बादल्या पाणी पडलेच पाहिजे. मात्र आधी इंजिन थंड होऊ द्यावे. तापल्या धातूवर गार पाणी ओतू नये. सायलेन्सरच्या तोंडाला बोळा द्यावा आणि गाडी चालू करण्यापूर्वी तो आठवणीने काढावा. एंजिनाच्या बाहेरच्या पात्यांत चिखल बसला तर त्याला वारा लागत नाही आणि ते तापते. तिथे जुना टूथब्रश उत्तम.

वॉशिंग सेंटरवाल्याच्या जोरदार फवाऱ्याचा मोह फार. चिखल कसा पटापट उडतो! पण चाकांचे बेअरिंग, हॅंडलचा सांधा, मागच्या चिमट्याचा खिळा या ठिकाणी आत ग्रीस असते आणि ते राखायला रबराची पातळ कडी असते. फवारा अगदी जवळून तिथे मारला की पाणी कडीला चकवून आत शिरते, ग्रीस खराब करते आणि दोन महिन्यांनी चाक कुरकुरू लागते. तेव्हा त्या फवाऱ्याची आठवणही कुणाला राहिलेली नसते. आमच्या सोसायटीत पाण्याची मारामार, आठवड्याला टँकर. त्यामुळे आम्ही सक्तीने बादली-मगवालेच राहिलो आणि आमची बेअरिंगे बचावली. टंचाईचाही असा एखादा उपयोग निघतो.

पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या चकचकीत नळ्या ओल्या मऊ फडक्याने रोज पुसाव्यात. वाळलेला कण नळीबरोबर वर गेला की रबराची सील फाडतो आणि तेल गळू लागते. हवेची गाळणी उघडून पाहावी: स्पंजाची असेल तर धुऊन, पूर्ण वाळवून तिला तिचे खास तेल लावायचे, कागदाची असेल तर पाणी दाखवायचे नाही, खराब झाली की बदलायची. आणि तारा! हे काम मला सर्वांत आवडते. चाक हळूहळू फिरवत प्रत्येक तारेवर पान्याने हलकी टिचकी मारावी. ताणलेली तार टणत्कार देते, सैल तार बद् असा आवाज करते. तबला लावणाऱ्याला जो आनंद होत असेल त्यातला चार आणे तरी इथे मिळतो.

साखळीचे प्रकरण जरा नाजूक आहे. हल्लीच्या बऱ्याच साखळ्यांत कड्यांमध्ये रबराची बारीक वर्तुळे असतात. पेट्रोलने ती बिघडतात, तारेच्या ब्रशाने फाटतात. साखळीसाठी मिळणारा क्लीनर आणि मऊ ब्रश वापरावा, पुसून कोरडी करावी, मग आतल्या बाजूने तेलाचा फवारा द्यावा. ताण किती ठेवायचा ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. पुस्तिका मात्र आधी सापडायला हवी.

एवढे सगळे मला आले ते नंतर. गेल्या वर्षी खंडेनवमीच्या दिवशी मला यातले बादली-मगच तेवढे येत होते.

त्या सुमारास चिरंजीवांना कचेरीत उसंत नव्हती. आदल्या रविवारची गाडी तशीच चिखलात उभी होती. शस्त्रपूजेला घरातली पक्कड, हातोडी, सौ.ची विळी लखलखीत मांडायची आणि गाडी अशी? मी बाह्या सरसावल्या. दोन तास खपून गाडी धुतली. पुसताना पाहतो तो दोन्ही चाकांच्या ब्रेकच्या चकत्यांवर तांबूस थर! आमच्या घरात गंजाला एकच औषध. 1986 साली घेतलेली माझी चेतक स्कूटर मी गंज दिसला की तेल या एका मंत्रावर वीस वर्षे चालवली. मी फडके तेलात बुडवले आणि दोन्ही चकत्या आरशासारख्या घासून काढल्या. उरलेले तेल साखळीवर सढळ हाताने ओतले. झेंडूचा हार घातल्यावर गाडी अशी दिसत होती की लिफ्टमध्ये लोकांनी माझे अभिनंदन केले.

दसऱ्याला सकाळी चिरंजीव फुले आणायला निघाले. आमचे पार्किंग पहिल्या मजल्यावर आहे आणि तिथून फाटकापर्यंत चांगला उतार आहे. उताराच्या तोंडाशी, खाली, शेजारचा पाच वर्षांचा मुलगा आपट्याची पाने मोजत बसला होता. मी गॅलरीतून पाहत होतो. गाडी उताराला लागली आणि थांबलीच नाही. चिरंजीवांनी क्षणभर खाली पाहिले, हॅंडल वळवले आणि गाडी सरळ भिंतीवर घातली. मुलगा पाने हातात धरून उभा राहिला, त्याला काही झाले नव्हते. आमच्या चिरंजीवांचे डावे मनगट मोडले.

प्लास्टर घालून घरी आणल्यावर मी काय केले असेल? व्याख्यान दिले. "सोसायटीत एवढा वेग कशाला? तुम्हाला उतार आणि माळशेज यांतला फरक कळतो की नाही?" चिरंजीव गप्प होते. एकदाच म्हणाले, "बाबा, ब्रेक लागला नाही." मी म्हणालो, "लागला नाही की लावला नाहीस?" सौ.नी मला स्वयंपाकघरात बोलावले म्हणून व्याख्यान थांबले.

चार दिवसांनी गाडी टेम्पोत घालून मीच गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीने ब्रेकचे पॅड काढून माझ्या नाकाशी धरले. "काका, वास घ्या. हे कुणी केलं?" मग त्याने शांतपणे समजावले. स्कूटरचा ब्रेक डब्यात झाकलेला. वरून पुसलेले तेल त्याच्यापर्यंत जायचे नाही. इथे चकती उघडी, आणि पॅडने तिला घट्ट चिमटा काढायचा यावरच सगळा खेळ. तेलाने चिमटा सुटतो, शिवाय पॅड तेल पिऊन बसतो. चकती खास क्लीनरने पुसता येते, पॅड बदलावेच लागतात. आणि तो तांबूस थर? "धुतल्यावर येतोच तो. दोनदा ब्रेक दाबला की जातो."

मी पैसे दिले आणि चालत घरी आलो. वाटेत तीन वेळा वाक्य जुळवले, दारात येईपर्यंत तिन्ही विसरलो. दिवाळीच्या पहिल्या पहाटे सगळी डोंबिवली फडके रोडवर लोटते. चिरंजीव नव्या झब्ब्याची एक बाही कापून तिथे जाऊन आले. मित्रांनी प्लास्टरवर सह्या केल्या. "फार जोरात होतास का रे?" असे कुणी विचारले की ते हसत. मी करंजी खात होतो.

असे नऊ महिने गेले. यंदा जुलैत, पहिल्या मोठ्या सहलीनंतर, त्यांनी मला धुवायला खाली बोलावले. आम्ही चिखल काढला, मी तारा वाजवल्या, त्यांनी साखळी पुसली. तेलाचा डबा मी हातात घेतला. खाली मान घालूनच ते म्हणाले, "बाबा, फवारा माराल तेव्हा डिस्कपुढे पेपर धरा."

डबा माझ्या हातात तसाच राहिला. मग मी सांगितले. खंडेनवमी, फडके, आरसा, सगळे.

"माहीत आहे," ते म्हणाले. "मिस्त्रीने त्याच दिवशी फोन केला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो." त्यांनी जुन्या वर्तमानपत्राची घडी माझ्या हातात दिली. "असं नाही, जरा खाली धरा. वरून उडतंय."