कऱ्हाडची धावपट्टी आणि आपला सातबारा



साखर कारखान्याच्या पत्रिकेत विमानतळाचा विषय पाहून काही मंडळी हसतील. आपला ऊस बैलगाडीतून आणि ट्रॅक्टरातून जातो, विमानाशी आपलं काय घेणं? तसं पाहिलं तर साखर आणि विमान यांचा संबंध जुना आहे. ज्या वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यातल्या कळंबला साखर कारखाना काढला, त्यांनीच १९४० साली बंगळूरला विमानाच्या कारखान्याचाही पाया घातला. पण आज आम्ही लिहितो आहोत ते कारखान्याबद्दल नव्हे, जमिनीबद्दल.

पुण्याहून कोल्हापूरकडे जाताना कऱ्हाडला उजवीकडे पाटणचा रस्ता फुटतो. त्या रस्त्यावर वारुंजी-मुंढ्याच्या शिवारात एक धावपट्टी आहे. आपल्यातले कितीतरी जण पै-पाहुण्यांकडे जाताना तिच्या अंगावरून गेले असतील, पण ती का केली हे विचारलं तर दहांतले नऊ जण गप्प बसतील.

ती केली १९५५ साली, मुंबई राज्याच्या बांधकाम खात्यानं. कोयनेचं धरण १९५४ मध्ये सुरू झालेलं. काम अवाढव्य: शंभर मीटरहून उंच भिंत, डोंगराच्या पोटात वीजघर. साहेबलोक, इंजिनिअर, निकडीचं सामान मुंबईहून आणायचं तर वाटेत घाट, आणि पुणे-मिरज रेल्वे तेव्हा मीटर गेजची. ती रुंद झाली १९७१ साली. म्हणून कऱ्हाडला विमान उतरायची सोय केली. तिथून कोयना मोटारीच्या टप्प्यात.

धरण झालं. १९६२ पासून वीज मिळू लागली, महाराष्ट्रातल्या गिरण्या-कारखाने तिच्यावर चालले, आपल्या विहिरींवरच्या मोटारीही फिरल्या. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ज्या कामासाठी पट्टी केली ते काम संपलं, आणि पट्टी मागे राहिली. प्रवासी विमानांची नियमित ये-जा तिथं कधी रुजली नाही.

आता शेतकऱ्याच्या हिशेबानं बघा. पट्टी १२८० मीटर लांब, ३० मीटर रुंद. म्हणजे नुसत्या डांबराखाली साडेनऊ एकर, भोवतीची मोकळी जागा वेगळीच. आणि जमीन कुठली? कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातली! तिथं एकरी उतारा काय पडतो हे सभासदांना आम्ही सांगायला नको.

पुढं तर आणखीच गंमत झाली (गंमत आम्ही म्हणतो, ज्यांची जमीन आहे ते म्हणणार नाहीत). २०१० नंतर ह्याच विमानतळाच्या विस्ताराचा विषय निघाला. वारुंजी, केसे, मुंढे, गोळेश्वरचे शेतकरी उभे राहिले. आमचा बागायती ऊस जातो, उपशाच्या पाणी योजना जातात, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे एका धरणाच्या कामापुरती केलेली सोय पन्नास-साठ वर्षांनी पुन्हा नातवाच्या दारात येऊन जमीन मागू लागली. आजोबानं एकदा दिलं म्हणून नातवानंही द्यायचं, असा कायदा कुठं आहे?

कायद्याचंच बोलायचं तर २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम १०१ आहे. ताबा घेतल्यापासून पाच वर्षं जमीन वापरलीच नाही, तर ती मूळ मालकाला, त्याच्या वारसांना किंवा सरकारच्या भूमी बँकेला परत जावी, असं ते सांगतं. त्यातला तो ‘किंवा’ नीट वाचा. शिवाय हे झालं न वापरलेल्या जमिनीचं. चार-सहा वर्षं वापरली आणि मग काम सरलं, तर काय? त्यावर ते कलम बोलत नाही, आणि कऱ्हाडची गोष्ट नेमकी तीच आहे.

हे सारं आजच का लिहावंसं वाटलं, तर आपल्या शेजारी पुरंदरात तोच प्रश्न दाराशी आहे. २०१६ साली तिथला विमानतळ जाहीर झाला. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी अशी सात गावं. २०२५ च्या मे महिन्यात ड्रोननं मोजणी करायला आलेल्यांना गावकऱ्यांनी अडवलं. त्या गावांत आपल्या लेकी दिलेल्या आहेत, तिकडच्या आपल्याकडे आलेल्या आहेत. विमानतळ व्हावा की न व्हावा ह्यावर आमच्यातच दोन मतं आहेत, ती लपवत नाही. पण भाव ठरवतानाच एक गोष्ट कागदावर यावी ह्यावर मात्र आमचं एकमत आहे: ज्या कामासाठी जमीन घेता ते काम झालं नाही, किंवा होऊन संपलं, तर ही जमीन कोणाची? तोंडी आश्वासन नको. करारात ओळ हवी, आणि तिची नोंद फेरफारात हवी.

भोर-वेल्ह्याच्या माणसाला हे जास्त शिकवायला नको. भाटघर १९२८ साली पुरं झालं; गावं आपली बुडाली, कालवे खाली गेले. मग नीरा-देवघर, मग गुंजवणी. इकडे उत्रोलीच्या औद्योगिक वसाहतीची चर्चाही पारावर बरीच वर्षं चाललेली आहे. जमीन मागायला कोणी ना कोणी येत राहणारच. प्रत्येक वेळी आपण भावावर भांडतो, आणि भांडलंच पाहिजे. पण कागद जपून ठेवत नाही. आज्यानं कुठल्या गटातली किती गुंठे दिली, कशासाठी दिली, हे विचारलं तर घरात सांगणारं कोणी उरत नाही.

तेव्हा आमची एक विनंती आहे. ज्यांच्या घरी धरणात, रस्त्यात किंवा आणखी कुठल्या सरकारी कामात गेलेल्या जमिनीच्या नोटिसा, निवाडे, जुने उतारे असतील, त्यांनी ते पेटीच्या तळातून बाहेर काढावेत आणि नक्कल करून घ्यावी. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नयेत, आमच्याही नाही. नक्कल मात्र गट कार्यालयात आणून द्यावी. गावाच्या नावाची एक फाईल उघडून त्या तिथं लावून ठेवू. ज्यांच्याकडे कागद नाहीत पण घरात ऐंशी वर्षांचं माणूस आहे, त्यांनी त्याच्याजवळ बसून गट नंबर आणि बांधाची खूण तेवढी लिहून आणली तरी चालेल. ऊसतोड सुरू झाली की कोणाला सवड होणार नाही, म्हणून हे हंगामाच्या आधीच उरकावं.