करणारे आणि करवणारे

बस्तीचा जीर्णोद्धार झाला की रंग वाळायच्या आधी भिंतीवर संगमरवरी पाटी चढते. कुणी किती दिले, कुणाच्या स्मरणार्थ दिले. अक्षरं घोटीव, सोनेरी. परवा अशाच एका पाटीपुढं उभी होते आणि मला चीनमधला एक कडा आठवला.

शान्शी प्रांतात हानचुंगजवळ डोंगरातून वाट काढली, तेव्हा तिची हकीकत तिथल्याच कड्यावर कोरली. इसवी सन 66 ची गोष्ट. त्या लेखाचे ठसे मी पुस्तकात पाहिलेत. एक अक्षर रुंद, शेजारचं अंग चोरून बसलेलं. ओळी खडकाच्या कलानं जातात. काळजीनं मोजूनमापून काढलेल्या अक्षरांपेक्षा मला ती जिवंत वाटतात. जाणकार या वळणाला मोठं मानतात, लिहिणाऱ्याच्या कुंचल्याची तारीफ करतात. अहो, पण कुंचला कागदावर चालतो! खडकावर टाकी चालते. ते वळण निम्मं तरी टाकीचं आणि दगडाचं आहे.

आणि त्या लेखात आहे काय? अधिकाऱ्यांची नावं आहेत. ज्यांनी वाट खोदली ते कैदी मात्र नुसता आकडा आहेत : 2690.

"तेव्हाची राजवटच तशी," असं म्हणून सुटता येत नाही. त्याच घाटात इसवी सन 509 मध्ये दुसरा लेख कोरला गेला. त्यात लिहिणाऱ्या वांग युआनचं नाव आहे आणि अक्षरं खोदणाऱ्या पाथरवटाचंही : लोयांगचा वू आरन. त्यानं लेखाचा मान कमी झाला का? उलट, पुढं 1970 नंतर तिथं धरण झालं तेव्हा जे निवडक 13 लेख कड्यातून कापून हानचुंगच्या संग्रहालयात नेले, त्यांत हाही आहे. पाथरवटाच्या नावासकट वाचला.

आता आपल्या घरात डोकावू. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी जी मराठी ओळ आपण अभिमानानं दाखवतो, तिचं क्रियापद 'करवियलें' आहे. चावुंडरायानं करवलं. केलं कुणी, ते ओळ सांगत नाही.

धर्म मात्र सांगतो. कृत, कारित, अनुमोदना – पाप असो की पुण्य, तिन्हींचा हिशेब आहे, आणि 'कृत' पहिलं आहे. प्रतिक्रमणात रोज म्हणतो ना? मग आपल्या पाट्यांवर एकटं 'कारित'च का?

"मजुरी दिली की," असं मला एका श्रावकांनी सुनावलं. दिलीत हो. पण तुमचं दानही कोशाध्यक्षानं पावती देऊन घेतलंच होतं. तरी नाव कोरलंत ना?

बायांनो, आपल्याला हे कळायला जड नाही. पंचकल्याणकाचा स्वयंपाक आपण रांधतो आणि पाटीवर 'सहपरिवार' होतो.

म्हणून पुढच्या पाटीसाठी वर्गणी मागायला येतील तेव्हा मी देणार आहे, पण एका अटीवर. खाली एक ओळ सोडा : पाथरवट अमुक, गवंडी अमुक. तेवढी जागा होत नसेल, तर माझं नाव खोडा आणि तिथं लिहा.