दोन घोटांत टोमॅटो!

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणारा समुद्राकाठचा रस्ता पकडला की वरच्या वळणावरून आरे-वारेचे दोन्ही किनारे एकदम नजरेत येतात. आणि गाडीतला कुणीतरी हमखास विचारतो, ‘संध्याकाळी बसायचं ना?’ ग्रुपमध्ये एखादा असा असतो, ज्याचा अर्धा ग्लास संपायच्या आत कान तापतात, तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते. बाकीचे सुरू, ‘अरे टोमॅटो, चढली का?’ वर फुकटचा सल्ला, ‘पी रे, सवयीने जाईल!’

चढलेली नसते. फंडा असा की, यकृत दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं आणि मग एएलडीएच-२ नावाचं एन्झाइम त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट करतं. हे एन्झाइम जन्मतःच कमजोर असेल तर मधला विषारी माल शरीरात साचतो. जपान, चीन, कोरियात हा प्रकार इतका कॉमन की त्याला ‘एशियन फ्लश’ असं नावच पडलंय. जगात असे सुमारे ५४ कोटी लोक आहेत. मराठी घरांत मात्र हा जनुकबदल विरळाच. म्हणून पूर्वी कधी न झालेला त्रास अचानक सुरू झाला तर आधी औषधं आठवा. ट्रिपवर पोट बिघडलं म्हणून घेतलेली मेट्रोनिडॅझोल, उदाहरणार्थ. तिचा कोर्स संपल्यावरही तीन दिवस दारू नको, असं तिच्या माहितीपत्रकात असतं. आणि हो, सावळ्या चेहऱ्यावर लाली दिसतेच असं नाही. धडधड आणि डोकेदुखीवर लक्ष ठेवा.

काही हुशार मंडळी पार्टीआधी ॲलर्जीची किंवा ॲसिडिटीची गोळी घेतात. लाली लपते, ॲसिटाल्डिहाइड तिथेच राहतं. वर ‘आता काही होत नाही’ म्हणून ग्लास वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने दारूतून येणारं ॲसिटाल्डिहाइड २००९ मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. हे एन्झाइम कमजोर असूनही पीत राहणाऱ्यांना अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका बराच जास्त असतो. सवय होते ती चेहऱ्याला, अन्ननलिकेला नाही.

मग ‘मी फक्त बीअर घेतो’ हा बचाव येतो. जरा हिशोब करा. ६५० मिलीची आठ टक्क्यांची स्ट्राँग बीअर म्हणजे साधारण ४१ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे व्हिस्कीचे दोन लार्ज पेग! पाच टक्क्यांच्या पाइंटमध्ये १३ ग्रॅम. तेव्हा बाटलीचं नाव नाही, टक्के आणि मिली वाचा. वाईनमध्ये निम्मा सोडा घातला तर तोच ग्लास दुप्पट वेळ पुरतो. अर्थात तोंड लाल होणाऱ्यासाठी कमी म्हणजे कमी त्रास, शून्य त्रास नव्हे. त्याला ०.० टक्केवाली बीअर बरी.

कोकणात आलाच आहात तर कोकम सोडा आहेच. नीरा मिळाली तर मात्र सकाळीच, ताजी प्या. उन्हात राहिली की ती आंबते, आणि सकाळची नीरा दुपारपर्यंत माडी झालेली असते.

एक गोष्ट मात्र मला खटकते. ‘तू कुठे फारशी पितोस’ म्हणत त्या टोमॅटोलाच गाडीची किल्ली देतात. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम, तीही सगळ्यांना सारखीच. रात्री त्या वळणांवरून गाडी न्यायची असेल तर किल्ली त्याला द्या, ज्याच्या ग्लासात संध्याकाळपासून फक्त कोकम होतं.