आवड आणि निवाडा

‘आमच्या काळची गाणी आता होणे नाही,’ असा निवाडा घरोघर ऐकू येतो. तो देणारे बहुधा आपली आवड हीच कलेची कसोटी समजतात. ही समजूत मुळातच भ्रामक आहे.

‘संगीत मानापमाना’चेच उदाहरण घ्या. हे नाटक १९११ साली रंगभूमीवर आले. त्यातील पद नाट्यगृहात ऐकणारास ‘वन्स मोअर’ देऊन ते पुनःपुन्हा गाववून घेता येई. तेच पद मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर उतरले, की सुमारे ३ मिनिटांत आटोपावे लागे. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी ‘संयुक्त मानापमान’ केले, तेव्हा तर दोन कंपन्यांची ईर्षा आणि देशकार्याचा आवेश हीही सुरांत मिसळली. पद एकच, पण ऐकणे तीन प्रकारचे! यांपैकी खरे कोणते म्हणावे?

मग गाण्यात बरेवाईट काहीच नाही काय? आहे; स्वर, लय व शब्द यांची पारख अवश्य करता येते. परंतु ती पारख वेगळी आणि गणपतीच्या मांडवात वा आईच्या मांडीवर कानी पडलेल्या सुरांचा जिव्हाळा वेगळा. जिव्हाळ्यास पुरावा लागत नाही. म्हणूनच त्यास निकाल देण्याचा अधिकारही नाही. मुलांच्या गाण्यांना नाके मुरडण्यापूर्वी वडील मंडळींनी ती एकदा तरी शेवटपर्यंत ऐकावीत. उद्या त्या मुलांना आपल्या घराची आठवण व्हायची ती त्याच गाण्यांनी.